कागदाची नाव

ग्वाल्हेरचा उन्हाळा मोठा कडक. ज्येष्ठात पारा ४५ अंशांच्या आसपास घोटाळत असतो. किल्ल्याचा खडक दिवसभर तापतो आणि त्याची धग रात्रीही ओसरत नाही. अशा या शहरावर जूनच्या अखेरीस पहिली जोराची सर कोसळली, की लष्करच्या गल्लीबोळांतून गढूळ पाण्याचे लोट वाहू लागतात आणि त्यांच्या काठी मुलांची गर्दी जमते. वहीचे एखादे पान, वर्तमानपत्राचा तुकडा, जुन्या लग्नपत्रिकेचा कागद, जे हाती लागेल त्याची घडी पडते आणि पाहता पाहता एक नौका प्रवाहाला लागते. हिंदी बोलणाऱ्या घरातला मुलगा तिला ‘नाव’ म्हणतो, मराठी घरातला ‘होडी’ म्हणतो. ‘नाव’ हा शब्द मराठीलाही परका नाही. आपल्या भाषेत तो नौकेचा वाचक आहे आणि माणसाच्या अभिधानाचाही. गंमत अशी, की या नावेला कर्त्याचे नाव नाही. ती प्रथम कोणी घडविली, कोणत्या गावी, कोणत्या साली, याचा लेख तिच्यावर कोठेच नाही.

ग्वाल्हेरला खेळण्यांची वाण नाही. रंगीत चिंध्यांपासून घडविलेल्या ‘बट्टोबाई’ बाहुल्या ही तर या शहराची ओळखच. कागदाच्या लगद्याची खेळणीही येथे होतात. जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहातील चांदीची चिमुकली आगगाडी पाहण्यासाठी प्रवासी दुरून येतात. मेजावरच्या रुळांवरून फिरत ती पाहुण्यांपुढे पेये व सुकामेवा नेत असे. चांदीची गाडी काचेआड सुरक्षित आहे आणि तिच्याविषयी सांगणारा मार्गदर्शकही तेथे उभा असतो. कागदाच्या नावेला मात्र ना संग्रहालय, ना मार्गदर्शक. तिचे आयुष्य फार झाले तर अर्ध्या तासाचे. वळणावर ती कलते, भिजते आणि लगदा होऊन जाते. जी वस्तू मुळी टिकण्यासाठी केलीच जात नाही, तिचा इतिहास कसा लिहावयाचा? तो तिच्या अवशेषांवरून लिहिता येत नाही. तिच्या भोवतीच्या साक्षीदारांना विचारूनच तो जुळवावा लागतो. हे साक्षीदार तीन: कागद, ग्रंथ आणि शाळा.

पहिल्या साक्षीदाराकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घडी घालण्याची विद्या कागदाहून पुष्कळ जुनी आहे. आपल्या देशात कागद येण्याच्या कितीतरी आधी माणसांची बोटे पानांना आणि वस्त्रांना घड्या घालीत होती. पळसाच्या पानाचा द्रोण हे काय आहे? एका सपाट पृष्ठभागाला योग्य ठिकाणी दुमड घालून, काडीचा टाका मारून केलेले पात्र. विड्याच्या पानाची पट्टी किंवा गोविंद विडा करणारी गृहिणी त्रिकोणात त्रिकोण बसविते आणि शेवटी लवंग टोचून घडी बंद करते. नऊवारी लुगड्याच्या निऱ्या आणि पागोट्याचे पेच हीदेखील घडीचीच रूपे. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला तर शिंदेशाही पगडीचे निराळे वर्णन करावयास नको. सपाट वस्त्राला केवळ वळण व घडी देऊन केवढा डौल आणता येतो, याचे ते उत्तम उदाहरण आहे. तेव्हा कागद आला तेव्हा त्याला दुमडणारी बोटे आधीच तयार होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आता कागदाची साक्ष. चीनमध्ये इ. स. १०५ च्या सुमारास त्साइ लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने झाडाची साल, चिंध्या व जुनी जाळी कुटून कागद करण्याची रीत सम्राटापुढे मांडली, अशी नोंद आहे. आठव्या शतकात ही विद्या समरकंदला पोहोचली, तेथून बगदादला आणि पुढे बाराव्या शतकात स्पेनमध्ये. भारतात सुलतानांच्या राजवटीत कागदाचा वापर वाढला. पंधराव्या शतकात काश्मीरच्या झैन-उल-आबिदीनने समरकंदच्या बाजूचे कारागीर आणवून तेथे हा उद्योग रुजविला. दक्षिणेत दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागद होऊ लागला. महंमद तुघलकाने राजधानी हलविली तेव्हा कारागीर तिच्याबरोबर आले, अशी तेथील परंपरा सांगते. जुन्नरचा कागद मराठ्यांच्या दफ्तरांत नावाजलेला होता. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा या नावातच तेथील जुना धंदा जपला गेला आहे. ग्वाल्हेरच्या अलीकडे-पलीकडे पाहिले, तर यमुनाकाठची काल्पी कागदासाठी प्रसिद्ध होती. १८५८ च्या संग्रामात झाशीची राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे यांच्यामुळे जी काल्पी मराठी वाचकाला ठाऊक झाली, तीच ही. हातकागदाचा उद्योग तेथे आजही चालतो.

परंतु हा कागद मुलांच्या हाती पडणारा नव्हता. चिंध्या कुजवावयाच्या, ढेंकीने कुटावयाच्या, लगदा पाण्यात कालवून साच्यावर एकेक ताव उचलावयाचा, तो भिंतीवर वाळवावयाचा, खळ लावावयाची आणि मग गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटून त्याला तकाकी आणावयाची, एवढे सोपस्कार झाल्यावर लेखणी चालविण्याजोगा एक ताव तयार होई. सरकारी कारकून तो जपून वापरी. मोडी अक्षरांनी दोन्ही अंगे भरलेले कागद रुमालात बांधून दफ्तरखान्यात ठेवीत; पुण्याच्या पेशवे दफ्तरातील हजारो रुमाल याची साक्ष देतात. लहान मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवीत. अशा काळी चांगल्या तावाची होडी करून ती मोरीत सोडणे ही उधळपट्टीच ठरली असती.

तथापि घडीचा एक प्रकार त्या महागाईच्या दिवसांतही घरोघर पोहोचला होता. तो म्हणजे पुडी. वैद्याच्या चूर्णाची पुडी, देवळातल्या अंगाऱ्याची पुडी, किराणा दुकानातली हिंगाची पुडी. डिंक नाही, टाचणी नाही, दोरा नाही. एक टोक दुसऱ्याच्या खोबणीत सारले की भस्माचा कणही बाहेर येत नाही. पत्राचा लखोटाही याच कुळातला. कागदी खेळण्याचे सारे तत्त्व या पुडीत सामावलेले आहे. न कापता, न चिकटवता, केवळ दुमडून आणि खोचून सपाट वस्तूला पोकळी द्यावयाची, हेच ते तत्त्व. नाव म्हणजे उघड्या तोंडाची पुडीच.

मग खेळण्याला कागद केव्हा मिळाला? कागद रद्दी होऊ लागला तेव्हा. १७९८ साली फ्रान्समध्ये लुई रोबेरने अखंड पट्टा काढणाऱ्या कागदयंत्राची रचना केली. १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलर याने लाकूड दळून लगदा करण्याची युक्ती काढली. चिंध्यांवरचे अवलंबित्व सुटले आणि कागदाचा भाव कोसळला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातही गिरण्या उभ्या राहिल्या. लखनौ, टिटागढ, पुण्याजवळचे मुंढवे ही त्यांतली ठळक नावे. ग्वाल्हेरलाही शिंदे सरकारच्या आश्रयाने कागदाची गिरणी निघाली होती. याच काळात छापील क्रमिक पुस्तके, वह्या आणि वर्तमानपत्रे मध्यम स्थितीच्या घरांत येऊ लागली. वर्तमानपत्राचा धर्मच असा, की सकाळी त्याला मान आणि संध्याकाळी रद्दीची जागा. वर्ष संपले की वहीही रद्दी. घरात निरुपयोगी कागद साठू लागला आणि तो मुलाने घेतला तर रागावण्याचे कारण उरले नाही. कागदाची नाव हे खऱ्या अर्थाने रद्दीचे अपत्य आहे. श्रीमंताच्या मुलाला आणि हमालाच्या मुलाला ते सारख्याच किमतीत, म्हणजे फुकट, मिळू लागले. अशी समता फार थोड्या खेळण्यांनी साधली असेल.

दुसरा साक्षीदार ग्रंथ. युरोपात खगोलावरचे एक जुने पाठ्यपुस्तक फार प्रचलित होते. साक्रोबॉस्को या तेराव्या शतकातील पंडिताचा तो ग्रंथ. त्याच्या १४९० साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आवृत्तीतील एका चित्रात पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्या नौका आहेत आणि त्यांचा घाट हुबेहूब कागदी होडीसारखा दिसतो. इंग्लंडमध्ये वेब्स्टरचे ‘डचेस ऑफ माल्फी’ हे नाटक १६२३ साली छापले गेले. मुले माश्या कोंडून ठेवण्यासाठी कागदाची घरकुले करतात, असा त्यात एक उल्लेख येतो. आपल्याकडे ज्याला कागदाचा फुगा म्हणतात, कोपऱ्यावर फुंकर मारली की जो टरारून फुगतो, तोच हा असावा, असे जाणकारांचे मत आहे. स्पेनमध्ये कागदी पाखरू घराघरांत प्रिय. तेथील तत्त्वचिंतक मिगेल दे उनामुनो याला या पाखराचे एवढे वेड होते, की १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका कादंबरीला त्याने या विद्येवरचा विनोदी प्रबंध परिशिष्ट म्हणून जोडला.

पूर्वेकडे जपानची साक्ष सर्वांत भरभक्कम आहे. तेथे घडीच्या कागदाला आधी धार्मिक व लौकिक विधींत स्थान मिळाले. विवाहप्रसंगी मद्यपात्रांना कागदी फुलपाखरे बांधीत आणि १६८० मधील एका कवितेत त्यांचा निर्देश आहे. १७९७ साली क्योतोत ‘सेम्बाझुरु ओरिकाता’ हे पुस्तक निघाले. एकाच कागदाला चिरा देऊन एकमेकांना जोडलेले अनेक क्रौंच कसे करावेत, याचे ४९ प्रकार त्यात दाखविले आहेत. केवळ करमणुकीच्या घडीकामावरचे हे सर्वांत जुने उपलब्ध पुस्तक मानतात. पुढे हिरोशिमाच्या अणुस्फोटानंतर किरणोत्साराने आजारी पडलेली सादाको सासाकी ही बालिका कागदी क्रौंच करीत करीत १९५५ साली वारली आणि १९५८ साली तेथे मुलांचे शांतिस्मारक उभे राहिले. तेव्हापासून तो क्रौंच साऱ्या जगाच्या ओळखीचा झाला.

तिसरा साक्षीदार शाळा; आणि या साक्षीत भारताचे स्वतःचे एक सुंदर पान आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) याने १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची शाळा काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालकांची बाग, हे नाव दिले. कागदाच्या घड्यांना त्याने अभ्यासक्रमात बसविले. चौरस कागदातून मूल गणिताची, सौंदर्याची आणि जीवनातील वस्तूंची रूपे पाहते, अशी त्याची मांडणी होती. ही पद्धती १८७६ साली जपानात तोक्योला पोहोचली. भारतातही मिशनच्या शाळांतून व शिक्षिकांच्या अध्यापन वर्गांतून ती पसरली. त्या शिक्षणसाहित्यात घडीकामाची एक पेटी असे. तिच्यात २०० रंगीत चौकोनी कागद, घडी दाबण्याची पट्टी आणि आकृत्या असत.

ही पेटी मद्रास इलाख्यातील टी. सुंदरराव या सरकारी अधिकाऱ्याच्या पाहण्यात आली. मुलांच्या या खेळातून त्यांना सबंध भूमिती दिसू लागली. १८९३ साली त्यांनी मद्रासला कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. कंपास नको, मोजपट्टी नको. कागद दुमडा आणि सरळ रेषा मिळवा, पुन्हा दुमडा आणि काटकोन मिळवा. चौरस, समभुज त्रिकोण, पंचकोन असे करीत ते थेट वक्ररेषांपर्यंत जातात. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी या पुस्तकाचा उल्लेख केला. तो वाचून अमेरिकेतील दोन प्राध्यापकांचे लक्ष तिकडे गेले आणि १९०१ साली शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. घडीने घनमूळ काढता येणार नाही, असा सुंदररावांचा कल होता. १९३६ साली इटलीच्या मार्गेरिता बेलोक या विदुषीने एका विशिष्ट घडीने तेही साधते, हे सिद्ध केले. कंपास व पट्टी यांना जे जमत नाही, ते कागदाच्या एका घडीला जमते! बालवाडीतल्या रंगीत कागदांनी एवढी मजल मारावी, हे फ्रोबेललाही स्वप्नात दिसले नसेल.

साहित्यानेही या नावेची दखल घेतली. रवींद्रनाथ ठाकुरांच्या १९१३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ‘द क्रेसेंट मून’ या संग्रहात कागदी नावांवर स्वतंत्र कविता आहे. त्याच सुमारास जन्मलेल्या पिढीला पुढे बालशिक्षणाच्या चळवळीचा लाभ झाला. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडला शिष्या अनुताई वाघ यांच्यासह ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग चालविला. परदेशी महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, माती, खडे, जे मुलाच्या अंगणात आहे त्यातूनच शिक्षणाची साधने करावीत, हा त्यांचा आग्रह होता. रद्दीच्या कागदाला सन्मानाची जागा द्यावयाची तर ती अशाच दृष्टीने देता येते.

तिन्ही साक्षी एकत्र केल्या म्हणजे काय दिसते? कागद चीनचा, घडीचे सर्वांत जुने पुस्तक जपानचे, नावेचे जुने चित्र व्हेनिसचे, पेटी जर्मनीची आणि तिच्यातून निघालेली भूमिती मद्रासची. या खेळण्याला एकच जन्मगाव शोधत बसणे म्हणजे अनेक ओढ्यांनी मिळून झालेल्या नदीच्या एकाच थेंबाचा उगम विचारण्यासारखे आहे. सपाट कागद आणि मोकळी बोटे जेथे जेथे एकत्र आली, तेथे तेथे घडी पडली. म्हणून आजकाल कोणी कागदाच्या प्रत्येक घडीला सरसकट ‘ओरिगामी’ म्हणतो तेव्हा त्यात जपानच्या थोर परंपरेचा गौरव आहे, हे खरे. परंतु आजीने शिकविलेल्या दौतीला आणि होडीला त्यांची मराठी नावे आहेत, याचाही विसर पडता कामा नये.

नाव करण्याची रीत लिहून ठेवण्याजोगी आहे. कारण ती सहसा लिहिलीच जात नाही. लांबट कागद घ्यावा. लांबीच्या मध्यावर दुमडून घडीची बाजू वर ठेवावी. वरचे दोन्ही कोपरे मध्यरेषेवर आणून टेकवावेत. त्रिकोण होतो आणि खाली एक पट्टी उरते. ती पट्टी दोन्ही अंगांनी वर दुमडली की टोपी झाली. टोपीत दोन्ही अंगठे घालून ती उघडावी आणि आडवी चपटी करावी, म्हणजे चौकोन मिळतो. त्याचे खालचे टोक दोन्ही बाजूंनी वर दुमडावे, पुन्हा त्रिकोण. तो पुन्हा उघडून चपटा करावा, पुन्हा चौकोन. आता वरची दोन टोके धरून हलकेच बाहेर ओढावीत. नाव उभी राहते आणि तिच्या मध्यभागी शिडासारखा त्रिकोणही दिसू लागतो.

यात गणित किती आहे पाहा. लांबट कागदच का? चौरस घेतला तर कोपरे मध्याशी आणल्यावर खाली पट्टीच उरत नाही, आणि पट्टी नसेल तर टोपीला काठ नाही व नावेला कठडा नाही. हल्ली सर्वत्र मिळणारा कागद २१० मिलीमीटर रुंद व २९७ मिलीमीटर लांब असतो; त्यातून सुमारे ४३ मिलीमीटरांची पट्टी राहते, ती नावेला पुरेशी होते. पूर्वीच्या फुलस्केप कागदाची लांबी त्याहून थोडी अधिक, त्यामुळे कठडा उंच होई. ‘फुलस्केप’ हे नावही गमतीचे. विदूषकाच्या टोपीचे जलचिन्ह त्या कागदावर एके काळी असे, त्यावरून ते पडले. आपण त्याच कागदाची आधी टोपी करतो आणि मग नाव! आणखी एक गोष्ट. टोपी उघडून मिळणारा पहिला चौकोन आणि त्यानंतरचा दुसरा चौकोन हे दोन्ही नेमके चौरस असतात आणि दुसऱ्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या बरोबर निम्मे भरते. वर्गात फळ्यावर तासभर समजावून न उमगणारी ही गोष्ट मुलाला बोटांनी एका मिनिटात उमगते.

नाव बुडते का, याचेही उत्तर कागदातच आहे. तरंगण्याचे काम तिची पोकळी करते. आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारले की ती तरंगणारच. पण कागद म्हणजे गुंतलेल्या तंतूंची चटई. तंतूंमधल्या बारीक फटींतून पाणी वर चढते, तंतू फुगतात, घडी सैल पडते आणि पोकळी मिटते. वर्तमानपत्राच्या कागदाला खळ जवळजवळ नसते, म्हणून तो लवकर भिजतो. वहीच्या कागदाला खळ असते, म्हणून त्याची नाव अधिक टिकते. मेणबत्तीचे मेण तळाला चोळले तर ती आणखी दूर जाते. कागदयंत्रातून निघालेल्या तावात तंतू बहुतेक एकाच दिशेने लागलेले असतात. त्या दिशेने घातलेली घडी सरळ व धारदार पडते, आडवी घातलेली किंचित खरबरीत होते. हे पुस्तकात न वाचताही गल्लीतला प्रत्येक तरबेज ‘नावाडी’ जाणतो.

नाव ही या कुळातली थोरली. तिच्या मागोमाग शाईची दौत, कागदाचा फुगा, उडी मारणारा बेडूक, बाण आणि विमान अशी भावंडे येतात. ती शिकण्याचा एकच मार्ग परंपरेने चालत आला आहे: समोर बसावयाचे, दोघांनी एकेक कागद घ्यावयाचा आणि एकाने घातलेली घडी दुसऱ्याने पाहून घालावयाची. चुकली की उलगडून पुन्हा. जपानच्या अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी तुटक रेषा व बाण यांची लिपी रूढ करून ही विद्या कागदावर उतरविली आणि तिला जगभर प्रवास करता आला. आपल्याकडच्या घरगुती घड्यांना मात्र आजही बहुतांशी हाताचीच लिपी आहे. अशा विद्येचा एक धोका असतो. पुस्तकातील विद्या शंभर वर्षे कपाटात पडून राहिली तरी पुन्हा उघडता येते. हातातून हातात जाणारी विद्या एका पिढीने हात आखडला की संपते.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांना या धोक्याचा अर्थ अधिक खोलवर कळावा. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी या किल्ल्याच्या पायथ्याशी पडली आणि त्या लष्कराचेच शहर झाले. सरदार, शिपाई, शास्त्री, कारकून अशा अनेक मराठी कुटुंबांनी येथे पिढ्यान् पिढ्या काढल्या. राजकवी भा. रा. तांबे यांनी १९४१ साली याच शहरात देह ठेवला. ती उंच साहित्यिक मराठी ग्रंथांत सुरक्षित आहे. पण घरातली मराठी? मुलांचे शिक्षण हिंदीत किंवा इंग्रजीत, बाजार हिंदीत, खेळ हिंदीत. मराठी उरते ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि आजीच्या पुढ्यात. तिचे रक्षण व्याकरण पाठ करून होत नाही. ती कामातून कानावर पडावी लागते. होडी करताना आजी म्हणते, “कोपरा नीट जुळव, कड दाब, चुणी पडू देऊ नकोस, टोक आत खोच, आता हळूच उकल.” जुळवणे, दाबणे, चुणी, कड, टोक, खोचणे, उकलणे! एका लहानशा होडीबरोबर किती शब्द मुलाच्या हाती येतात, आणि तेही अर्थासकट, स्पर्शासकट. जी गोष्ट कागदाच्या घडीची तीच घरच्या भाषेचीही. दोन्ही हातोहात चालतात. दोन्हींना शाळेचा आधार थोडा. दोन्ही एका पिढीच्या आळसाने बुडू शकतात.

हा केवळ भावनेचा प्रश्न समजून सोडून देण्याजोगा नाही. घडीच्या विद्येला आजच्या जगात मोठी किंमत आली आहे. कोर्यो मिउरा या जपानी शास्त्रज्ञाने शोधलेली एक घडी १९९५ साली अवकाशात सोडलेल्या यानावर प्रत्यक्ष वापरली गेली. मोठे फलक लहान जागेत मिटवून न्यावयाचे आणि तेथे एका ओढीने उलगडावयाचे, ही तिची करामत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लहान मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे, असे स्पष्ट म्हटले आहे. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविणारी खेळणी वर्षानुवर्षे करून दाखविली; त्यांत कागदाच्या घड्यांना मानाचे स्थान होते. मूल घडी घालते तेव्हा ते मोजते, तोलते, पुढचे पाऊल मनात आधी पाहते आणि चुकल्यास उलगडून पुन्हा आरंभ करते. खर्च शून्य आणि शिक्षण पुरेपूर.

यासाठी करावयाचे तरी काय? फार काही नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला येतात त्या घड्या आठवून पाहाव्यात आणि कोणती घडी कोणाकडून शिकलो, तिला घरात काय म्हणत, हे एका वहीत टिपून ठेवावे. शिक्षकांनी वर्षअखेरीस जमा होणारे एका बाजूने कोरे कागद फेकू नयेत. आठवड्यातला एक तास त्यांना द्यावा. झालेली नाव एकदा तरी पूर्ण उकलून मुलाला दाखवावी. सपाट कागदावर घड्यांच्या रेषांचे जे जाळे दिसते, तो त्या नावेचा नकाशा असतो. तो वाचावयास शिकलेले मूल पुढे नवी घडी स्वतः शोधू शकते. आणि पाऊस पडू लागला, की तिला पाण्यात सोडावयाचे. तिने बुडावे, याचे दुःख नको; ती बुडण्यासाठीच असते. दुसरी करण्याचे ज्ञान हातात राहिले म्हणजे झाले.